काट्यावर न दिसणारी चरबी

मा. संपादक,

कोकणातला माणूस मूळचा सडसडीत. शिबिरात वजन-उंची घेतली, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२ भरला की ‘तब्येत उत्तम’ म्हणून तो घरी जातो. पण बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे दिले होते. बीएमआय दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के!

त्यात भर म्हणून आता वाडीवाडीतल्या दुकानांत खाऊच्या दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात. चहाबरोबर दिवसाकाठी ५० ग्रॅम बिस्किटे खाल्ली असे धरा. पाकिटामागे १०० ग्रॅमला २५ ग्रॅम साखर लिहिली असेल, तर साडेबारा ग्रॅम पोटात गेली. दोन कप चहातले तीन चमचे त्यात मिळवा; राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेली दिवसाची २५ ग्रॅमची मर्यादा तिथेच संपते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मैदा, साखर, पामतेल हेच पहिले तीन असतील तर पाकीट परत ठेवा, वर ‘मल्टिग्रेन’ लिहिले असले तरी.

अमेरिकेत २०१९ साली २० जणांवर प्रयोग झाला. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मेद, तंतू सारखेच होते, तरी अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात तयार झालेल्या, पाकीटबंद) खाण्यावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भरभर खात होती.

काट्यावर न दिसणारी ही चरबी पोटाभोवती साठते, म्हणून कंबर मोजा. मोजताना पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवी, सरळ धरा. पोट आत ओढू नका. श्वास सहज सोडून आकडा वाचा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन कितीही असो, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासून घ्या.

कंबर जास्त भरली की अनेक जण जेवणच तोडतात. त्याने स्नायू घटतात, म्हणजे दुखण्यात भर. पाकिटे तोडा, कुळथाची पिठी, उसळ, बांगडा ताटात राहू द्या, भाताची मूद थोडी लहान करा आणि चालण्याला उठाबशांची जोड द्या.

गणपतीत शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना विनंती : वजनकाट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवा आणि तपासणीच्या कागदावर कमरेसाठी एक रकाना छापा.

– आहारतज्ज्ञ, रत्नागिरी