माझी तक्रार तपासणार कोण, तर तेच!

मा. गृहमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

परवा पोस्टमनने पालावर पाकीट आणून दिले. चौदा महिने वाट पाहिलेले उत्तर. आत दीड ओळ : 'आपला अर्ज पुढील चौकशीसाठी संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात आला आहे.' संबंधित म्हणजे माझ्या भावाला जिथे पट्ट्याने मारले, तेच. ज्या साहेबांविरुद्ध अर्ज, तेच आता माझा जबाब घेणार. चहा तरी पाजतील का, तेवढे विचारून ठेवा.

आम्ही फासेपारधी. शिवारात कुणाची पाण्याची मोटार गेली, की पहिली जीप आमच्या पालावर. त्या रात्रीही आली. चोरी झाली तेव्हा भाऊ ऊसतोडीला होता, मुकादमाच्या वहीत हजेरी आहे. ती वही कुणी मागितलीसुद्धा नाही. तीन रात्री ठेवले, नोंद कुठेच नाही. उजव्या कानाने त्याला अजून ऐकू येत नाही. औषधपाण्यात आईच्या चार शेळ्या गेल्या. पंधरा-वीस हजार झाले असतील, हिशेब कोण ठेवतो? अर्ज घेऊन गेलो तर ठाणे अंमलदार हसला, "तुम्ही लोक आणि तक्रार?"

साहेब, इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला म्हणतात. आमच्या ठाण्यात ते पत्र अजून पोचलेले दिसत नाही. टपाल तुमच्याकडे हळूच चालते.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बजावले, ठाण्यात कॅमेरे लावा, चित्रण अठरा महिने ठेवा. मी माहिती अधिकारात मागितले. उत्तर : तांत्रिक बिघाड. चौकातला कॅमेरा मात्र आमची पोरे टिपताना कधी बिघडत नाही! पोलिसांविरुद्धच्या तक्रारी स्वतंत्र प्राधिकरणाने ऐकाव्यात, हे त्याच न्यायालयाने 2006 मध्ये सांगितले. राज्याने कायदा केला 2014 मध्ये. सरकारला आठ वर्षे लागतात, तर माझ्या अर्जाचे चौदा महिने म्हणजे घाईच झाली म्हणायची.

आणि हे एकट्या पारध्याचे नाही. मुंबईच्या दंगलीनंतर श्रीकृष्ण आयोगाने 31 पोलिसांवर ठपका ठेवला. त्यातले तुरुंगात किती गेले, बोटांवर मोजून दाखवा, एक हात पुरेल. परभणीत कोठडीत जीव गेलेल्या भीमसैनिक पोराच्या आईला नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला खंडपीठापर्यंत जावे लागले. मुसलमान असो, भीमसैनिक असो, पारधी असो, वर्दीविरुद्ध बोलला की आधी त्याचीच फाइल निघते. मते मागायला मात्र तुमची माणसे पालावर येतात, तेव्हा जात आठवत नाही.

सोमवारी अकरा वाजता जबाबाला बोलावले आहे. मी जाणार. बाहेरचा एखादा अधिकारी तिथे बसवा. तेही जमणार नसेल, तर निदान त्या दिवसापुरता कॅमेरा चालू ठेवायला सांगा.

आपला,
पालावरचा एक मतदार