फ्रीजमधली भाजी वाया जाते त्याबद्दल

माननीय संपादक, स.न.वि.वि.

घरखर्च वाढला असं सगळेच म्हणतो पण निम्मी नासाडी आपल्याच किचनमधे होते असं मला मनापासून वाटतं. पालेभाजी आणली की लगेच धुवून ओलीच फ्रीजमधे टाकतात आणि दोन दिवसात तिचा चिखल होतो. त्यापेक्षा न धुता, खराब पानं काढून, कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून ठेवली तर बरेच दिवस छान रहाते, धुवायची ती चिरायच्या आधी.

पिकलेली केळी आणि सफरचंदं भाज्यांजवळ अजिबात ठेवू नका, त्यातून इथिलीन नावाचा गॅस निघतो, त्याने शेजारची पानं लवकर पिवळी पडतात. कांदे बटाटे पण वेगवेगळे, दोन्ही अंधाऱ्या आणि हवेशीर जागी. फ्रीजचं टेंपरेचर ४ डिग्रीच्या आसपास आहे का ते एकदा थर्मामीटर ठेवून बघा, बहुतेक जण कधीच बघत नाहीत! उरलेलं जेवण २ तासाच्या आत फ्रीजमधे जायला हवं, आणि मोठ्या पातेल्यात नको, छोट्या पसरट डब्यात घालून ठेवलं तर लवकर गार होतं. डब्यावर तारीख लिहा, जुनं पुढे नवीन मागे.

भांड्यांचा साबण पाण्यात बसला की विरघळून जातो, जाळीच्या डिशमधे ठेवला की कितीतरी जास्त पुरतो.

आपल्या पेपरात यावर दर आठवड्याला छोटा कॉलम सुरू करा ही कळकळीची विनंती.

आपली एक नियमित वाचक