बंद चार्जर ॲपवर चालू दाखवला, वर दंड आमच्याकडूनच, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. गेल्या शनिवारी सकाळी सहाला आम्ही इलेक्ट्रिक गाडी फुल चार्ज करून निघालो, मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. आधी सप्तशृंगी गड, मग सापुतारा आणि रात्री परत असा प्लॅन होता. आमची गाडी छोटी आहे, २६ युनिटची बॅटरी, गावात २०० किमी आरामात जाते पण घाटात पाच माणसं आणि एसी धरून मी १७० च पकडते. नाशिकपासून गडापर्यंत साधारण ६०० मीटर चढण आहे, भरलेली गाडी तेवढी वर न्यायला नुसतं वजन उचलण्यातच अडीच-पावणेतीन युनिट जातात, उतरताना त्यातलं थोडंच परत मिळतं. हे सगळं मी निघायच्या आधी कागदावर मांडलं होतं आणि सापुताऱ्याला तुमचा फास्ट चार्जर ॲपवर हिरवा, म्हणजे चालू, दिसत होता म्हणूनच पुढे जायचं ठरवलं. दुपारी अडीचचा स्लॉट बुक केला, त्याचे ५० रुपये कापले गेले.

दोन वीसला पोचलो तेव्हा गाडीत २२ टक्के होते. मशीनची स्क्रीन काळी, गाडीला लावायच्या गनवर धूळ. वॉचमन दादा म्हणाले की हे मोठ्या पावसापासून बंदच आहे, सांगून झालंय पण अजून कोणी बघायला आलं नाही. त्याच मिनिटाला मी ॲप उघडून बघितलं तर तिथे 'उपलब्ध' लिहिलेलं, आणि तो स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

हेल्पलाइनला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा रेंज गेली, दुसऱ्यांदा ॲप बंद करून परत चालू करा म्हणाले, अहो मशीनलाच करंट नाही तर ॲप चालू करून काय होणार? तिसऱ्यांदा वणीच्या चार्जरला जा म्हणाले. वणी तिथून ४० किमीच्या आसपास, २२ टक्क्यांत माझ्या हिशोबाने ३७ किमी. उतार आहे म्हणून पोचलो असतोही कदाचित, पण तो चार्जरसुद्धा ॲपवर तसाच हिरवा होता आणि त्या हिरव्या टिपक्यावर आता मी कसा विश्वास ठेवायचा? हातगडच्या घाटात धुकं उतरलेलं, गाडीत लहान मुलं, सासूबाईंचं रात्रीचं इन्सुलिन घरी फ्रिजमध्ये.

शेवटी एका लॉजवाल्या काकांनी किचनमधला १५ अँपियरचा पॉइंट दिला. पहिल्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं, पोर्टेबल चार्जरचा लाल दिवा लागला, दुसऱ्यावर चालू झालं. साडेचार तास बसलो तेव्हा ६६ टक्के झाले, तुमचं मशीन चालू असतं तर हेच काम तासाभरात झालं असतं. काकांनी युनिटचे पैसे सोडून एक रुपया जास्त घेतला नाही. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले आणि सासूबाईंच्या इन्सुलिनची वेळ टळून गेली.

आणि हे सगळं चालू असताना दुपारी तीनला तुमचा मेसेज आला, 'ग्राहक स्लॉटला हजर न राहिल्यामुळे १०० रुपये आकारले'. मी तुमच्या मशीनसमोर उभी होते हो! रक्कम छोटी आहे पण मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

सरकारच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये हायवेला दोन्ही बाजूंनी दर २५ किमीला चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं, पण बंद मशीन मोजून ते अंतर भरत नाही. शहरात एक बंद असला तर माणूस दुसरीकडे जातो, घाटात दुसरा नसतो, तिथे तुमची चुकीची माहिती म्हणजे कुटुंब रस्त्यावर.

माझे १५० रुपये परत करा, ते 'हजर नव्हते' माझ्या खात्यातून काढा, आणि जोपर्यंत सापुताऱ्याचं मशीन दुरुस्त होत नाही तोपर्यंत आजच्या आज ते ॲपवर बंद दाखवा, कारण येत्या शनिवारीही नाशिकहून कोणीतरी तोच टिपका बघून निघणार आहे. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. स्क्रीनशॉट, बुकिंगची पावती आणि बंद मशीनचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

तुमची ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक