रीमा लागू म्हणजे फक्त ‘आई’ नव्हे

महोदय,

मे महिना आला की वर्तमानपत्रांतून रीमा लागू यांची आठवण निघते. १८ मे २०१७ रोजी त्या गेल्या. आठवण निघते हे चांगलेच, पण बहुतेक ठिकाणी मथळा ठरलेला असतो: हिंदी पडद्यावरची लाडकी आई. खाली ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’, ‘कुछ कुछ होता है’ ही नावे, की मजकूर संपला. या अभिनेत्रीवर हा अन्याय आहे आणि तो आपण मराठी माणसांनी तरी करू नये, म्हणून हे पत्र.

मुळात त्यांना आई करण्याची घाई हिंदी सिनेमाने केली. जन्म १९५८ चा. ‘कयामत से कयामत तक’मध्ये जुही चावलाची आई झाल्या तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. ‘वास्तव’मध्ये ज्याची आई झाल्या तो संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. पण त्या चित्रपटात हे वय एकदाही आठवत नाही. गळ्यातली सोन्याची साखळी कौतुकाने दाखवणारा मुलगा आणि त्याच्याकडे बघणारी शांता आठवून पाहा. पोराच्या हातात पैसा आल्याचे अप्रूप आहे आणि तो कुठून आला हे कळल्याची भीतीही आहे. चाळीतली बाई आहे ती, उगाच आरडाओरडा करत नाही. शेवटी तीच मुलावर गोळी झाडते आणि आपल्याला ते पटते, कारण आधीच्या दोन तासांत तिने ते पेरून ठेवलेले असते.

हे बळ आले रंगभूमीवरून. आई मंदाकिनी भडभडे स्वतःच नाटकात काम करणाऱ्या; मुलगी नयन, म्हणजेच आपल्या रीमाताई, पुण्यात हुजूरपागेत शिकली आणि पुढे बँकेची नोकरी सांभाळून नाटके करू लागली. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मधली अंबिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना विचारा. समोर नाना पाटेकरांचा गुलाबराव, आणि तरीही प्रेक्षक घरी नेत तो अंबिकेचा संताप. ‘सविता दामोदर परांजपे’मधले झपाटलेपण तर वेगळेच. चित्रपटांतल्या सोशिक आयांशी या बायकांचे काडीचे नाते नाही. ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘कलयुग’ हे चित्रपटही ‘आई’चा शिक्का बसण्याच्या आधीचे.

दूरदर्शनने मात्र त्यांना मोकळे सोडले. १९९४ च्या आसपासचा काळ आठवा. थिएटरात त्या माधुरीची आई, आणि त्याच सुमारास घरच्या टीव्हीवर ‘श्रीमान श्रीमती’तली कोकिळा कुलकर्णी आणि ‘तू तू मैं मैं’मधली सासू देवकी. सुप्रिया पिळगावकरांच्या सुनेशी त्यांची जी जुगलबंदी चालायची, तिच्यात एकही वाक्य फुकट जात नसे. पदर खोचून उभे राहणे, सुनेचे बोलणे संपायच्या आत चेहऱ्यावर उत्तर तयार असणे, हे सगळे नाटकातले टायमिंग. विनोदी नटी म्हणून त्यांचे नाव घेतले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. शेवटपर्यंत त्या ‘नामकरण’ मालिकेचे चित्रीकरण करत होत्या.

आता मुद्द्याचे. चित्रपट आणि मालिका आजही पाहता येतात. नाटकाचे तसे नाही, ते पाहणाऱ्यांच्या आणि करणाऱ्यांच्या स्मरणातच राहते. दळवी गेले, ‘घर तिघांचं हवं’ लिहिणारे मतकरीही गेले. पण त्या प्रयोगांतले सहकलाकार, विंगेतले मदतनीस, दौऱ्यातल्या गाडीत सोबत असलेले रंगमंच कामगार, यांतले काहीजण अजून आपल्यात आहेत. आपल्या पुरवणीने त्यांना बोलते करावे. तालमीत रीमाताई कशा उभ्या राहत, एखादे वाक्य किती वेळा घासून घेत, पहिल्या आणि शंभराव्या प्रयोगात काय बदललेले असे, हे तेच सांगू शकतील. येत्या मे महिन्यात नेहमीच्या चौकटीऐवजी अशी एखादी मुलाखत छापून आली, तर आम्ही वाचक आपले ऋणी राहू.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक