संरक्षक शुल्काच्या अर्जात सोयाबीन पिकवणारा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं की ‘तेल महागणार’ आणि कमी झालं की ‘ग्राहकांना दिलासा’ अशी बातमी होते. दोन्ही वेळा सोयाबीन पिकवणाऱ्याच्या वाट्याला शेवटची एखादी ओळ येते. मी औसा तालुक्यात सोयाबीन करते. आमच्या शेतकरी गटाचा माल लातूरच्या अडतीवर लावायचा आणि त्याचा हिशेब ठेवायचा, हे कामही माझ्याकडे आहे. बाहेरच्या मालाचा लोंढा आला तर देशातल्या उत्पादकाला सावरता यावं म्हणून जागतिक व्यापाराच्या नियमांत ‘सेफगार्ड ड्युटी’, म्हणजे संरक्षक शुल्काची सोय आहे. ती सोय आमच्यापर्यंत का पोचत नाही, तेवढंच या पत्रात मांडते.

आधी भाव कसा ठरतो ते सांगते. सौदा सुरू होण्याआधीच अडत्याच्या मोबाइलवर प्लँटचे, म्हणजे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यांचे, दर आलेले असतात. खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातले दाणे वर काढतो, तळहातावर चोळतो, एखादा दाताखाली फोडून बघतो. ओलावा मोजायचं यंत्र त्यानंतर पुढे येतं. काटा कितीही चोख असला तरी त्या दिवशीच्या बोलीला प्लँटच्या दराची वेस असते, आणि प्लँटचा दर म्हणजे तेल आणि पेंड या दोघांची बेरीज. एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात. तेल किलोला १० रुपयांनी उतरलं तर क्विंटलमागे १८० रुपये गेले. पेंड किलोला ५ रुपयांनी उतरली तर ४०० रुपये गेले.

म्हणून तेलावर शुल्क लावलं की आमचे सगळे प्रश्न सुटतात, असं मी म्हणणार नाही. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ शुल्क लावलं. उपकर आणि अधिभार धरून ते २७.५ टक्के झालं. आमच्याकडे भाव थोडा हलला, नवा माल येताच पुन्हा बसला. ४,८९२ रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला आणि आमचे कट्टे त्याच्या बरेच खाली गेले. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा डीडीजीएस पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागला होता, त्याने पेंडेचा भाव खाल्ला. हे सगळं मान्य करूनही तेलाचा हिस्सा सोडून द्यावा असं होत नाही. देश दरवर्षी दीड कोटी टनांहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. एवढ्या मोठ्या आयातीवरचं शुल्क मे २०२५ च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आणलं गेलं. बियाणं घरात येऊन पडलं होतं. कोणतं पीक घ्यायचं हे ठरल्यावर त्या पिकाच्या भावाचा एक खांब काढून घेतला.

त्याच वेळी रिफाइंड तेलावरचं शुल्क मात्र ३५.७५ टक्केच ठेवलं. कच्च्या आणि रिफाइंड तेलातली तफावत ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेली. देशातल्या रिफायनऱ्या चालाव्यात हा हेतू सरकारने उघड सांगितला आणि त्यात गैर काही नाही. तिथे माणसं कामाला आहेत. पण त्या निर्णयात संरक्षण कोणाला मिळालं हे बघा. कारखान्याला मिळालं. कारखान्याला कच्चा माल पुरवणारा बाहेरच्या कच्च्या तेलाशी झुंजायला एकटा राहिला.

संरक्षक शुल्काच्या कायद्यातही नेमकं हेच घडतं. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या ८ ब कलमाखाली हे शुल्क लावता येतं. दिल्लीत व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर, त्याची चौकशी करतं. आयात वाढली, त्यामुळे देशी उद्योगाला गंभीर इजा झाली किंवा होणार आहे, हे सिद्ध करावं लागतं. देशी उद्योग कोण? तसाच किंवा थेट स्पर्धेतला माल तयार करणारा. आयात तेलाची, तर उद्योग तेल काढणाऱ्यांचा. शेतात सोयाबीन पिकवणारा या व्याख्येत बसत नाही.

२०१९ चं उदाहरण घ्या. भारत-मलेशिया करारानुसार त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मलेशियाच्या रिफाइंड पाम तेलावर ४५ टक्के शुल्क झालं, इतरांना ५० टक्के होतं. पाच टक्क्यांच्या फरकावर मलेशियाचा माल वाढला. तेल कारखान्यांची संघटना असलेल्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशनने दाद मागितली, आणि ४ सप्टेंबर २०१९ पासून १८० दिवसांसाठी ५ टक्के द्विपक्षीय, म्हणजे दोन देशांतल्या कराराखालचं, संरक्षक शुल्क लागलं. त्यांनी केलं ते योग्यच केलं. त्यांच्याकडे कारखान्यांची क्षमता किती वापरात आहे, ताळेबंद काय सांगतो, कोणत्या बंदरावर किती माल उतरला, सगळी आकडेवारी हाताशी होती. पण त्या अर्जातली इजा रिफायनरीची होती. पाम स्वस्त झाल्यावर सोयाबीन तेल आणि त्यामागून सोयाबीन किती उतरतं, हा प्रश्न तिथे येऊच शकत नव्हता.

कोणी म्हणेल, मग व्याख्या बदला, शेतकऱ्याला आत घ्या. अमेरिकेने तसं करून पाहिलं आहे. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून येणाऱ्या कोकराच्या मांसावर त्यांनी संरक्षक उपाय लावले, आणि इजा झालेल्या उद्योगात मांस तयार करणाऱ्यांबरोबर मेंढ्या पाळणाऱ्यांनाही धरलं. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत गेलं. अपील मंडळाने २००१ मध्ये सांगितलं की जिवंत कोकरू हा वेगळा माल आहे आणि मांस हा वेगळा. साखळी एक असली तरी कोकरू पाळणारा मांसाचा उत्पादक ठरत नाही. अमेरिकेला ते उपाय मागे घ्यावे लागले. कोकराच्या जागी सोयाबीन ठेवा आणि मांसाच्या जागी तेल, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत आमची जागा कळते. जी शेती प्रक्रियेसाठीच पिकवली जाते, तिला सर्वसाधारण संरक्षक शुल्क जवळजवळ निरुपयोगी आहे.

शेतीसाठी दुसरं एक हत्यार आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या कृषी कराराच्या कलम ५ मध्ये ‘विशेष संरक्षण’ दिलेलं आहे. तिथे इजा सिद्ध करावी लागत नाही. आयात ठरलेल्या प्रमाणापलीकडे गेली किंवा किंमत ठरलेल्या पातळीखाली आली की जादा शुल्क लावता येतं. हा हक्क ३९ सदस्यांनी राखून ठेवला. त्यात अमेरिका, युरोपीय संघ, जपान, कॅनडा, स्वित्झर्लंड आहेत. ज्यांनी आयातीवरचे जुने निर्बंध सूत्राप्रमाणे शुल्कात रूपांतरित केले, त्यांनाच तो मिळायचा होता. परकीय चलनाच्या अडचणीमुळे भारताचे आयातनिर्बंध तेव्हा चालूच होते, त्यामुळे आपण रूपांतर न करता शुल्काचे थेट कमाल दर जाहीर केले. म्हणून हा हक्क आपल्याकडे नाही. विकसनशील देशांसाठी तसंच साधन द्यावं यावर जुलै २००८ मध्ये जिनिव्हात वाटाघाटी तुटल्या. सध्याच्या कमाल मर्यादेच्या वर शुल्क न्यायचं तर आयात सरासरीच्या ११० टक्के झाल्यावर न्यावं की १४० टक्के झाल्यावर, यावर तत्कालीन वाणिज्यमंत्री कमलनाथ आणि अमेरिकेचं जमलं नाही. वाट पाहत बसलो तर नुकसान आधी होतं आणि शुल्क मागून येतं, ही भारताची बाजू होती. ती मला आजही पटते. २०१५ मध्ये संघटनेच्या नैरोबीतल्या परिषदेत हा हक्क तत्त्वतः मान्य झाला. तपशील अजून ठरलेला नाही.

तोवर आपले हात बांधलेले आहेत का? पूर्ण नाहीत, आणि याच मुद्द्यावर आमच्या खासदार-आमदारांनी, शेतकरी संघटनांनी बोलावं अशी माझी अपेक्षा आहे. पाम आणि सूर्यफूल तेलावर भारताने जागतिक व्यापार संघटनेत मान्य केलेला कमाल दर ३०० टक्के आहे, सोयाबीन तेलावर ४५ टक्के. या मर्यादेच्या आत शुल्क वर-खाली करायला इजा सिद्ध करावी लागत नाही आणि कोणाला भरपाईही द्यावी लागत नाही. सोयाबीनचा ४५ टक्क्यांचा कप्पा लहान आहे. पण तेलाचा बाजार एकच आहे. पाम उतरलं की सोयाबीन उतरतं, म्हणून पामवरचं शुल्क हेच आमचं खरं कुंपण आहे.

ते कुंपण आज दिल्लीतल्या अर्थमंत्रालयाच्या एका रात्रीच्या अधिसूचनेवर उभं असतं. भाव चढले की कागद झपाट्याने हलतो. २०२१ मध्ये सोयाबीनने विक्रमी भाव पाहिला आणि ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली. कुक्कुटपालन करणाऱ्यांची अडचण खरी होती. पण आमचं पीक तेव्हा शेतात उभं होतं, आणि काढणीला आलं तोपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. भाव पडतो तेव्हा ही चपळाई का दिसत नाही, याचं उत्तर गटाच्या बैठकीत मला विचारतात. माझ्याकडे ते नाही.

माझी मागणी अशी. कच्च्या तेलावरच्या शुल्काचा नियम मृगाच्या आधी जाहीर करा. बंदरावर उतरणाऱ्या तेलाचा भाव अमुक पातळीखाली गेला, म्हणजे त्या तेल-पेंडेच्या हिशेबाने सोयाबीन हमीभावाखाली येतं असं दिसलं, की शुल्क आपोआप वाढेल. भाव अमुक पातळीवर गेला की आपोआप कमी होईल. मीही दुकानातून तेल घेते, डबा महागला की घरात काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून उतरतं टोकही नियमात हवं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आमचा माल बाजारात असताना, या नियमाबाहेर कोणताही बदल नको. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर करून त्याच सुमारास शुल्क उतरवलं; असं केलं तर तो आकडा सरकारी खरेदी केंद्राच्या रांगेपुरताच राहतो.

दुसरी मागणी मुक्त व्यापार करारांबाबत. अशा करारांत द्विपक्षीय संरक्षणाचं कलम असतं. मलेशियाच्या तेलावर शुल्क लागलं ते त्याच कलमाखाली. त्या कलमात ‘देशी उद्योग’ म्हणजे कोण, हे दोन देशांनी बसून लिहायचं असतं. नवे करार करताना आणि जुने तपासताना, प्रक्रियेच्या मालाबाबत त्याचा कच्चा माल पिकवणारा शेतकरीही देशी उद्योगात धरला जाईल, असं एक वाक्य घाला. शेजारच्या देशांकडून सवलतीत येणाऱ्या तेलालाही हेच लागू करा. नेपाळमध्ये मोठ्या प्रमाणावर सोयाबीन पिकत नाही, पण आयात केलेलं कच्चं तेल तिथे रिफाइन होऊन विनाशुल्क आपल्याकडे येतं.

शेतकऱ्याची इजा मोजायची कशी, असा आक्षेप येईल. लातूर, अकोला, वाशीम इथल्या बाजार समित्यांत रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव नोंदवला जातो. पेरणीचं क्षेत्र कृषी खातं दर आठवड्याला प्रसिद्ध करतं. उत्पादन खर्च कृषी मूल्य आयोग काढतो, त्यावरच हमीभाव ठरतो. हे तिन्ही आकडे सरकारच्याच दप्तरात आहेत. डीजीटीआरने ते मागवून घ्यावेत आणि चौकशी स्वतःहून सुरू करावी. तसा अधिकार नियमांत आहे, त्यासाठी कोणाच्या अर्जाची वाट पाहावी लागत नाही.

आपली,
एक सोयाबीन उत्पादक
ता. औसा, जि. लातूर