ठार झाले की ठार केले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचा मी जुना वाचक. ओझरच्या विमान कारखान्यात ३१ वर्षं काढली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. आता सकाळी चहाबरोबर आपला पेपर आणि दुपारी सार्वजनिक वाचनालयात बाकीचे, असा दिवस जातो. पत्राला निमित्त झालं ते गेल्या आठवड्यातल्या एका अंकाचं. पहिल्या पानावर युक्रेनच्या बातमीत ‘रशियाचे आक्रमण’ असे शब्द होते. आतल्या पानावर त्याच युद्धाची दुसरी बातमी होती. तिथे मात्र ‘विशेष लष्करी मोहीम’, आणि तीही अवतरणचिन्हांशिवाय! म्हणजे पहिल्या पानावर चढाई करणारं सैन्य आतल्या पानावर पोचेपर्यंत मोहिमेवर निघालेलं होतं.

हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. एक बातमी लंडन-न्यूयॉर्ककडच्या वृत्तसंस्थेची असेल, दुसरी मॉस्कोहून फिरत आलेली. रात्री पान सोडायच्या घाईत दोन्हींचं भाषांतर झालं आणि ज्याचा शब्द त्याच्या बातमीत तसाच राहिला. पण मग आपल्या पेपरचा स्वतःचा शब्द कोणता?

‘विशेष लष्करी मोहीम’ हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा आहे, कारण तो मी मुळातून वाचला. आमच्याकडे मिगचे कागद रशियनमधून यायचे. ते लावता यावेत म्हणून आम्हा काही जणांना थोडी रशियन शिकवली होती. नट, बोल्ट, व्हॉल्व्ह, ‘सावधान, दाबाखाली’ एवढीच. प्रेमपत्र लिहिता येणार नाही. २४ फेब्रुवारी २०२२ नंतर नातीनं मोबाइलवर रशियन वृत्तपत्रं उघडून दिली आणि ती गंजलेली अक्षरं पुन्हा हलायला लागली. मी ‘वायना’ शोधायचो. वायना म्हणजे युद्ध. पहिल्या एक-दोन दिवसांत काही ठिकाणी सापडला, नंतर गायब. २६ तारखेला तिथल्या सरकारी नियंत्रकानं, रोसकोमनादझोरनं, ‘हल्ला’, ‘आक्रमण’ असे शब्द काढून टाका म्हणून वृत्तमाध्यमांना बजावलं होतं. ४ मार्चला कायदाच झाला. सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. खोटी कोणती, ते ठरवणार सरकार. उरला तो सरकारी ‘स्पेत्सियालनाया वायेन्नाया ओपेरात्सिया’, म्हणजे तीच ‘विशेष लष्करी मोहीम’. एवढा लांब शब्द मथळ्यात बसवायचा कसा, हा आमच्यासारख्या कारखानी माणसाला पडणारा प्रश्न. तो त्यांनाही पडला असावा, कारण लवकरच नुसती तीन आद्याक्षरं छापून यायला लागली.

मॉस्कोत एक जण फलक घेऊन उभा राहिला, त्यावर फक्त फुल्या. आधी तीन, मग पाच. ‘न्येत वायने’, युद्ध नको, या दोन शब्दांत रशियन लिपीत तेवढीच अक्षरं आहेत. त्याला फुल्यांबद्दल दंड झाला. १४ मार्चला सरकारी वाहिनीच्या रात्रीच्या बातम्यांत निवेदिकेच्या मागे मारिना ओव्स्यानिकोवा या तिथल्याच संपादिका फलक घेऊन आल्या. काही सेकंदच दिसल्या, पण तेवढ्यात मला वाचता आलं: ‘प्रचारावर विश्वास ठेवू नका, इथे तुमच्याशी खोटं बोलतात.’ ‘नोवाया गाझेता’चे संपादक दिमित्री मुरातोव यांना आदल्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं होतं. त्या महिन्याच्या २८ तारखेला त्यांनाही अंक थांबवावा लागला. एवढं ठाऊक असताना तो शब्द आपल्या पानावर अवतरणचिन्हांशिवाय दिसला की टोचतो. तिथल्या लोकांवर कायद्याचा बडगा आहे. आपल्या उपसंपादकावर कुणाचा आहे?

आता कुणी म्हणेल, काका युक्रेनच्या बाजूचे. तसंही नाही. तिकडे युद्ध सुरू झाल्यावर मोठ्या वाहिन्यांचं प्रक्षेपणच एक करून टाकलं, चोवीस तास एकच बातमीपत्र. देश वाचवायचा असताना ते समजू शकतं, पण बातमी म्हणून ते जपूनच घ्यावं लागतं. पहिल्याच आठवड्यात ‘कीव्हचं भूत’ आलं. एकट्या मिग-२९ नं सहा रशियन विमानं पाडली म्हणे. मिग म्हटल्यावर आमच्यासारख्यांची कॉलर ताठ; त्या विमानांची मोठी दुरुस्ती ओझरलाच हवाई दलाच्या डेपोत होते. मी तो व्हिडिओ कारखान्यातल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला, वर ‘बघा आपलं मिग!’ असंही लिहिलं. तो संगणकावरच्या विमानखेळातला निघाला. एप्रिलअखेर युक्रेनच्या हवाई दलानंच सांगितलं की असा कुणी वैमानिक नाही, ती दंतकथा आहे. ३१ वर्षं विमानांत घालवून मी खेळातलं विमान ओळखलं नाही. ग्रुपवर अजून चिडवतात.

म्हणून ‘दोन्ही बाजू छापा’ एवढंच माझं मागणं नाही. कीव्हजवळच्या बुचाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या रस्त्यावरचे मृतदेह जगानं पाहिले. रशियन वाहिन्यांनी सांगितलं, हा बनाव आहे. आमचं सैन्य ३० मार्चलाच निघून गेलं होतं. पण गाव रशियन ताब्यात होतं तेव्हाचीच, मार्चच्या मध्याची उपग्रह छायाचित्रं निघाली. त्यांत याब्लुन्स्का रस्त्यावर मृतदेह त्याच जागी दिसत होते. याब्लोन्या म्हणजे सफरचंदाचं झाड. अशा वेळी एका रकान्यात ‘हत्याकांड’, शेजारच्या रकान्यात ‘बनाव’ आणि मध्ये एक उभी रेघ मारली की पेपरचं काम झालं, असं होत नाही.

पाश्चात्त्य पेपर याबाबतीत धुतल्या तांदळासारखे आहेत असं समजू नये. २००३ ला अमेरिका इराकमध्ये घुसली तेव्हा ६०० हून अधिक पत्रकार सैन्याच्या तुकड्यांबरोबर फिरत होते. तोफेच्या मागे उभं राहिल्यावर जे दिसतं ते त्यांनी दाखवलं. तोफेच्या पुढे काय होतंय ते बघायचं तर अल जझीरा लावावं लागे. ९ एप्रिलला बगदादच्या फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पाडला, त्याची जवळून घेतलेली छायाचित्रं आपल्याकडेही छापून आली होती. अख्खं बगदाद लोटल्यासारखी. लांबून घेतलेल्या छायाचित्रात चौकाचा बराच भाग मोकळा दिसतो, आणि पुतळा ओढायला मरीन सैनिकांचं अवजड वाहन आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं मे २००४ मध्ये कबूल केलं की युद्धाआधीच्या आपल्या काही बातम्या पुरेशा तपासल्या नव्हत्या. कबूल केलं याचं मला कौतुक आहे. मात्र तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

एप्रिल २००३ मध्ये, इराक युद्धावरच्या ठरावाच्या वेळी, आपल्या लोकसभेत काय झालं ते आठवतं का? विरोधकांना इंग्रजीत कडक शब्द हवा होता, सरकारला सौम्य. तोडगा निघाला हिंदीत: ‘निंदा’. ज्याला जो अर्थ हवा तो त्यानं घ्यावा. आपल्या मराठीत निंदा म्हणजे दुपारी ओट्यावर बसून शेजारणीची करतात ती. पण ठराव एकमतानं झाला.

आणि आपलं स्वतःचं काय? डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं ती आपल्यासाठी ‘मुक्ती’. लिस्बनच्या पेपरांत ते ‘आक्रमण’ होतं. सुरक्षा परिषदेत आपण सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला, तो सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकारामुळे पडला. मी आजही ‘मुक्ती’च म्हणेन, आणि का ते सांगेन: साडेचारशे वर्षं परक्यांचं राज्य होतं, गोव्यातले लोक त्याविरुद्ध तुरुंगात जात होते, सत्याग्रहींवर गोळ्या झाल्या होत्या. शब्द निवडला तर त्यामागचं कारण असं सांगता आलं पाहिजे. ‘मोहीम’ हा तर आपला लाडका शब्द. पण मराठ्यांच्या बंगालवरच्या मोहिमा बंगाली आयांनी अंगाईत ठेवल्या आहेत. बारगिराचा तिथे ‘बर्गी’ झाला आणि पोरं झोपवायला उपयोगी पडला.

मला सगळ्यात जास्त खटकतात ती आपली क्रियापदं. मराठी पेपरात मरणाचे किती प्रकार आहेत! आपला जवान हुतात्मा होतो, त्याला वीरमरण येतं. अतिरेक्याला कंठस्नान घातलं जातं. पुरात माणसं मृत्युमुखी पडतात, साथीत दगावतात. परदेशातला माणूस नुसता ठार. त्या ‘ठार’ला पुढे काय जोडता, तिथे गोम आहे. ‘ठार झाले’ म्हटलं की जणू जुना वाडा कोसळला. ‘ठार केले’ म्हटलं की वाचक लगेच विचारतो, कुणी? मथळ्यात जागा कमी म्हणून दोन्ही गळतं आणि उरतं ‘हल्ल्यात इतके ठार’. महिनाभर आपल्याच पेपरची कात्रणं वहीत चिकटवली. युक्रेन, गाझा, सुदान, सगळी. ज्या देशाशी आपलं बरं आहे त्याचे बॉम्ब ‘पडतात’. दुसरा देश ते ‘टाकतो’. वही हवी असल्यास आणून देईन.

एक बातमी मात्र मनापासून आवडली होती, ती २०२२ च्या मार्चमधली. द्राक्षाचा हंगाम भरात, आणि रशियाला जाणाऱ्या मालाचं काय होणार हे विचारायला आपला बातमीदार पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये गेला होता. पेट्या कशा थांबल्यात, मजुरांना काय सांगितलंय, व्यापारी फोनवर काय बोलतोय, सगळं होतं. सूर्यफूल तेलाच्या डब्याचा भावही तिथेच चौकटीत. पुण्या-मुंबईचे लोक हसले असतील, तिकडे शहरं जळताहेत आणि नाशिककरांना द्राक्षं सुचतात! पण त्या पानावर युद्धाबद्दलची तेवढीच बातमी आपल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेली होती. म्हणून त्यात ‘मोहीम’ही नव्हती, ‘आक्रमण’ही नव्हतं. पेट्या होत्या.

कीव्हला बातमीदार पाठवा, असं मी म्हणणार नाही. जिल्हा पुरवणीचा खर्च कसा निघतो याची कल्पना आहे. पण परदेशी युद्धाच्या प्रत्येक बातमीखाली ती कुणाची, कुठून आली, एवढं छापायला अर्धी ओळ लागते. सैन्यानं सांगितलेल्या आकड्यापुढे ‘दावा’ हा शब्द लागला तर जागा वाढत नाही. आणि चढाईला काय म्हणायचं, ते एकदा बसून ठरवा आणि सगळ्या देशांना तेच लावा, मग अमेरिका असो की रशिया.

मंगळवारच्या अंकात पान ९ वर तळाला खार्किव्हची चार ओळींची बातमी होती. वृत्तसंस्थेचं नाव नाही. मेलेल्यांचा आकडा आहे, मारणारा नाही. वाचनालयातल्या आणखी दोन पेपरांत शोधली, सापडली नाही. ती आपल्याकडे कुठून आली, तेवढं सवडीनं कळवावं.

आपला,
एक वाचक
गंगापूर रोड, नाशिक