पिवळं अस्तर

टोकियो, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही नुसतं "हो हो" म्हणत राहता, ते मला कळतं. म्हणून पत्र. चीनच्या शेवटच्या बादशहाच्या, म्हणजे पुयीच्या, धाकट्या भावाचं, पुजिएचं, पुढे काय झालं, असं तुम्ही विचारलं होतंत ना?

आज इथल्या कुदानशिता भागात गेले होते. तिथे खंदकाच्या काठी किल्ल्यासारख्या छपराची एक जुनी इमारत आहे. ३ एप्रिल १९३७ ला पुजिएचं लग्न तिथेच लागलं, हिरो सागा या जपानी सरदारघराण्यातल्या मुलीशी. जपानी लष्करानं आपल्या मतलबासाठी जुळवलेलं लग्न, पण दोघांचा एकमेकांवर खरंच जीव जडला.

माझ्या मनाला लागलं ते त्याचं लहानपण. पुयी त्याच्यापेक्षा वर्षानं मोठा. साम्राज्य १९१२ मध्येच बुडालं होतं, तरी राजवाड्यातला रिवाज तोच. एकदा लपंडाव खेळून दमल्यावर दोघं गप्पा मारत बसले असताना पुयीला भावाच्या बाहीत पिवळं अस्तर दिसलं. तो रंग फक्त बादशहाचा! पुयीचा चेहराच बदलला. "हा जर्दाळूचा रंग आहे ना?" असं पुजिए म्हणाला खरा, पण ओरडा बसताच हात खाली सोडून चाकरासारखा बाजूला उभा राहिला. सख्खा भाऊ, दहाएक वर्षांचा!

मोठेपणीही तेच. मांचुकुओत, म्हणजे जपाननं ईशान्य चीनमध्ये पुयीला गादीवर बसवून उभ्या केलेल्या बाहुल्या राज्यात, त्याला भावजयीचा इतका संशय, की तिनं पाठवलेलं पुजिएनं आधी खाल्ल्याशिवाय तो तोंडात घालत नसे. आई, तू सुनेच्या हातचं किती कौतुकानं खातेस, ते आठवलं.

१९४५ मध्ये रशियनांनी दोघा भावांना पकडलं. पाच वर्षं तिकडे, मग चीनमध्ये फुशुनच्या तुरुंगात. पुजिएची थोरली लेक हुइशंग इथे जपानात आजोळी वाढत होती. ती चिनी शिकली आणि १९५४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिनं थेट पंतप्रधान चौ एन-लाय यांना चिनीतून पत्र लिहिलं: बाबांना पत्र लिहू द्या. परवानगी मिळाली. पण १९५७ च्या डिसेंबरात ती गेली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. पुजिए सुटला १९६० मध्ये. पुढच्या वर्षी हिरो चीनला परतली ती लेकीच्या अस्थी घेऊन. नवरा-बायको सोळा वर्षांनी भेटले, ते असे. मग मात्र हिरो १९८७ मध्ये जाईपर्यंत दोघं बीजिंगमध्ये एकत्र राहिले. तो १९९४ मध्ये गेला.

त्या मुलीचा विचार डोक्यातून जात नाही. घरी येऊन तुमच्या नातीला पाटी-पेन्सिल काढून दिली. सोबतच्या चिठ्ठीतल्या चार ओळी तिनं स्वतः लिहिल्यात. 'आजोबा'मधला 'ज' तीनदा खोडलाय. उत्तर तिच्याच नावानं पाठवा, मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरं कमी घालून.

तुमची,
लेक